स्क्रू चाचांचे, वायर काकांच्या, धूळ माझी

आमच्या दुकानात ब्लोअर मारायचं काम माझं. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडायचं, दारात न्यायचं, तोंडाला रुमाल बांधायचा आणि वर्षभराची धूळ उडवायची. तीन वर्षं हेच केलं. नुसती धूळ कधीच निघत नाही, हे सांगून ठेवतो. पाल निघते, झुरळांचं अख्खं खानदान निघतं, एकदा तर नातवानं सीडीच्या फटीतून आत ढकललेलं आजोबांचं आधार कार्ड निघालं! आणि दर वेळी मशीनच्या मालकाचा एक किस्सा निघतो. धूळ मी तिथंच झटकली. किस्से डोक्यात जाऊन बसले, ते काही निघंनात.

*

आधी माणसं सांगतो, नायतर गोंधळ होईल. माणसं तीनच.

दुकान औरंगपुऱ्याच्या मागच्या एका बोळीत. मालक दोन. एक काका, सरकारी हापिसातून रिटायर झालेले कारकून. दुसरे चाचा, जुने घड्याळजी. मोबाइल आला, लोकांनी घड्याळं घालायची सोडली, तेव्हा चाचांनी त्याच पेचकसांनी कॉम्प्युटर उघडायला सुरुवात केली. तिसरा मी. इंजिनियरिंग सेकंड इयरला सोडलेला.

का सोडलं? कॉलेज एका वावरात उभं होतं. हॉस्टेलला टँकरचं पाणी आणि लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर. त्यातले वीस कधीच चालू व्हायचे नाहीत. मी एकाचं झाकण काढून बघितलं. आत काहीच नव्हतं, रिकामा डबा! सरांना विचारलं, "सर, ह्यात हार्डडिस्क कुठंय?" सर म्हणाले, "तुला काय करायचंय? तू जर्नल पूर्ण कर." मी बॅग भरली आणि घरी आलो.

तेव्हापासून चाचा मला "इंजिनियर" म्हणतात. काका "इंजिनियर साहेब" म्हणतात. दोघांच्याही तोंडून ती शिवीच वाटते.

दुकानाचा कायदा एकच होता. स्क्रू चाचांचे, वायर काकांच्या, धूळ माझी. दुसरी हार्डडिस्क बसवायची असली की चाचांनी चार स्क्रूंनी ती कसायची, मग काकांनी दोन वायर जोडायच्या, एक करंटची आणि एक डेटाची. चाचांनी वायरीला हात लावायचा नाही, काकांनी पेचकसाला. पाच मिनिटांच्या कामाला दोन म्हातारे आणि अर्धा तास! मी एकदा बोललो, "मी एकटा करतो की." दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी एकट्यानं लग्न लावतो म्हणालो.

*

त्या दुष्काळाच्या वर्षांत शहराला दोन गोष्टींची हाव सुटली होती. घराला दुसरी टाकी आणि कॉम्प्युटरला दुसरी डिस्क. नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी यायचं. हर्सूलचा तलाव आटला, पोरं त्यात क्रिकेट खेळायची. आणि फुलंब्री रोडला मात्र प्लॉटिंगचे झेंडे लागत होते, जणू तिथं वावरात सिमेंटच पिकतं.

फुलंब्रीचे एक गुरुजी होते, शाळेचे हजारो फोटो कॉम्प्युटरमध्ये भरलेले. त्यांना दुसरी डिस्क बसवून दिली. आठ दिवसांनी गुरुजी मशीन काखेत घेऊन हजर.

"तुम्ही बसवली ती डिस्क चालत नाय."

"काय झालं गुरुजी?"

"आठ दिवस मशीन बंदच केलं नाय मी. पहिली गच्च भरलेली, दुसरीत थेंब नाय!"

मला कळंना. काकांना कळलं. गुरुजींच्या गच्चीवर दोन टाक्या होत्या, मधे पाइप. एक भरली की दुसरीत आपोआप उतरायचं.

गुरुजी म्हणाले, "मधला पाइप जोडायचा राहिला तुमचा."

आता काका हाडाचे कारकून. समजावून सांगायला पाहिजे का नाही? काका मला म्हणाले, "इंजिनियर साहेब, पाइप जोडा."

मी निम्मे फोटो उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकले. गुरुजींनी दोन्हीकडं बघितलं आणि मान हलवली.

"आता कसं! लेव्हल सारखी झाली."

*

सिडकोतल्या एका काकूंचा किस्सा ह्याच्याही वरचा. दुसरी डिस्क बसवून आम्ही त्यांचं सगळं, पोराचं बारसं ते लग्न, नव्या डिस्कवर उतरवून दिलं. त्यांनी काय करावं? जुन्या डिस्कवरचं सगळं निवडलं आणि डिलीट मारलं! वर पंधरा दिवसांनी नव्या डिस्कवरचं लग्नाचं फोल्डर त्यांच्याच हातून उडालं. ते सापडंना म्हणून काकू रडत दुकानात.

काका म्हणाले, "अहो, जुन्या डिस्कवर होतं ना सगळं? ते का काढलं?"

"नळ आला, ताजं भरलं, मग शिळं कोण ठेवतं?"

खरं होतं. गावात सहा-सहा दिवस पाणी नाही, पण नळाचा खरखराट ऐकला की आमच्या आयाबाया हंडाभर शिळं पाणी तुळशीत ओतून मोकळ्या! माझी आईसुद्धा. मी ह्यावरून घरात भांडलोय. उपयोग शून्य.

काका उदास होऊन मशीन लावून बसले. मग एकदम हसले. दोन्ही डिस्कवरचं सगळं रिसायकल बिनमध्ये जसंच्या तसं पडलेलं.

"काकू, कचऱ्याची टोपली रिकामी केली नाही तुम्ही?"

काकूंनी डोळे पुसले. "नाही. आमच्याकडं घंटागाडी गुरुवारी येते."

*

आता यादीचं सांगतो. कारण पुढचं सगळं तिच्यासाठी.

चाचांचे आजोबा निजामाच्या जमान्यात पाण्याच्या कचेरीत मुन्शी होते. त्यांनी शहरातल्या आणि हर्सूलपर्यंतच्या विहिरींचं उर्दूत एक रजिस्टर लिहिलेलं. विहीर कुठं, किती खोल, कुणाच्या वाड्यात, सगळं. तीनशे साठच्या वर विहिरी. चाचा वाचायचे, काका मराठीत टाइप करायचे, तीच ही यादी. एका विहिरीचं एक फोल्डर. त्यात रजिस्टरच्या पानाचा स्कॅन, आजचे फोटो आणि नोंद. फोटोसाठी दोघं काकांच्या स्कूटरवर जायचे. विहिरीत पाणी असलं तर चाचा पोहरा सोडायचे आणि काका ओंजळभर तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे, ह्या गालातून त्या गालात फिरवायचे आणि निकाल द्यायचे. गोड, मचूळ किंवा खारट. नोंदीत एक रकाना होता, चव. काकांचा नियम होता की चव घेतल्याशिवाय कुठल्याही विहिरीपुढं "पाणी आहे" लिहायचं नाही. ह्या नियमापायी काका दोनदा सलाइनवर जाऊन आले.

आठ वर्षं हा उद्योग! पगार नाही, सत्कार नाही. मी तर येडेपणाच म्हणायचो. पण दुष्काळ पडला तसे लोक यायला लागले. आमच्या गल्लीत जुनी विहीर होती म्हणतात, कुठं आहे? काका फोल्डर उघडायचे, जागा सांगायचे. दोन विहिरींचा गाळ पोरांनी काढला आणि खरंच पाणी लागलं. त्या दिवसापासून मी तोंड बंद केलं.

मधल्या काळात मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लं. पुठ्ठे राहिले. म्हणजे यादी आता फक्त दुकानातल्या एका जुन्या मशीनमध्ये होती. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो म्हणून काकांनी त्या मशीनचे सगळे यूएसबी नळाला लावायच्या एम-सीलनं बुजवून टाकलेले. नवे फोटो तेवढे सीडीवरून आत जायचे. इंटरनेटची वायर त्यांनी स्वतः कापलेली. प्रिंट काढायची नाही, कारण मग कुणीही झेरॉक्स मारील आणि त्यात वाटेल ते घुसडील. मी म्हणालो, "काका, ही यादी आहे का तिजोरी?" काका म्हणाले, "तिजोरीला निदान किल्ली असते."

*

मी दुकानात लागलो तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विहीर नंबर दोनशे बारा.

दुकानापासून तीन बोळी पलीकडं एका चिंचेखाली ही विहीर होती. चिंच गेली, तिथं कॉम्प्लेक्स आलं, खाली पार्किंग. काका बघून आले, सगळीकडं फरशी. त्यांनी नोंद केली, "बुजली." चाचा म्हणाले, "बुजी नहीं. ढक दी. पानी है नीचे." काका म्हणाले, "चव दाखवा, लिहितो." चाचा म्हणाले, "मेरे दादा का लिखा झूठ है क्या?" झालं! आठ महिने अबोला.

आणि दुकान दहा बाय बारा. दोघांच्या खुर्च्यांत हातभर अंतर. मधे मी.

"त्यांना सांग, छोटा पेचकस जागेवर ठेवत जा म्हणावं."

"उनकू बोल, जगा पेच है. चष्मा लगाओ बोल."

"काका, जागेवरच आहे."

"चष्म्याचं काय म्हणाले?"

चहा मात्र एकच यायचा. चाचा निम्मा बशीत ओतायचे आणि तोंड दुसरीकडं करून बशी काकांकडं सरकवायचे. ह्या पिढीचं मला हेच कळत नाही. दोनशे विहिरींत डोकावून येतील, पण शेजारच्या खुर्चीकडं बघायचं म्हटलं की मान आखडते.

त्याच दिवसांत काकांनी माझ्याकडून निरोप दिला, "त्यांना सांग, यादीच्या मशीनला दुसरी डिस्क बसवा. एक गेली तर एक पाहिजे." दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याशी काहीतरी लांबलचक बोलले. मला तेव्हा दोघांचाही वैताग आलेला. मी काकांना एका शब्दात सांगितलं, "बसवली."

"मग दर शनिवारी यादी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची. हे काम तुमचं, इंजिनियर साहेब."

मशीनवर सी आणि डी दिसत होते. दोन अक्षरं, दोन डिस्क. मी दर शनिवारी सीवरून डीवर कॉपी मारायला लागलो.

आठ महिन्यांनी काकांच्या मुलीचं लग्न निघालं. चाचा न बोलावता मांडवात जाऊन उभे राहिले आणि लाइटच्या माळा कसायला लागले. काका बघत राहिले, मग म्हणाले, "ती तिकडची ढिली आहे." अबोला संपला! दोनशे बाराचा विषय मात्र कुणी काढायचा नाही.

*

मे महिना. मी लागल्याला तीन वर्षं झालेली. यादीचं मशीन टिकटिक करायला लागलं.

हार्डडिस्क टिकटिक करायला लागली की समजायचं, ती आता थोड्या दिवसांची पाहुणी. मी काकांना सांगितलं. काका निवांत. "दुसरी आहे ना आत." चाचा निवांत. "मैं खुद कसा है." मीही निवांत. दर शनिवारची कॉपी कोण मारत होतं?

तरी म्हटलं ब्लोअर मारून बघू. दुसऱ्यांच्या मशिनी साफ करता करता आमच्या स्वतःच्या मशिनीचं झाकण ती दुसरी डिस्क कसल्यापासून निघालं नव्हतं. चाचांनी त्यांचे स्क्रू काढले. मी दारात नेऊन धूळ उडवली. धुराळा बसला आणि मला दुसरी डिस्क दिसली. नवीकोरी. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. चार स्क्रू कसे एका रेषेत!

वायर एकही नाही.

मी म्हणालो, "काका, ही जोडलेलीच नाही."

काका उठून आले. चाचा उठून आले. तिघं त्या डब्यात वाकून बघत राहिलो.

काका म्हणाले, "ह्यानं मला सांगितलं, बसवली."

चाचा म्हणाले, "मैं इसकू बोल्या था. कस दिया, अब तार उनका काम, उनकू बोल जोड लो."

दोघंही सावकाश माझ्याकडं वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं!

"आणि शनिवारी कॉपी कशावर मारत होतात, इंजिनियर साहेब?"

डी म्हणजे त्याच जुन्या डिस्कचा अर्धा भाग होता. कुणीतरी कधीतरी पाडून ठेवलेला. तीन वर्षं मी एकाच टाकीतलं पाणी उपसून त्याच टाकीत ओतत होतो. रिकामा डबा बघून कॉलेज सोडणारा मी! मला फुलंब्रीचे गुरुजी आठवले. त्यांना निदान पाइप नाही हे कळलं होतं.

*

काकांनी वायर जोडल्या. खाच सापडंना, मी म्हणालो, "द्या इकडं," तर खांद्यानं ढकललं. नवी डिस्क दिसली. कॉपी चालू केली. एक नंबरची विहीर गेली, दोन गेली, तीन गेली. एकेचाळिसाव्या विहिरीवर सगळं गोठलं. जुन्या डिस्कला हात लावला तर चटका.

बाहेर ऊन असं की बोळीतली कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसलेली. मशीन बंद केलं, डिस्क गार होऊ दिली, परत चालू. बावन्नपर्यंत गेलं, परत गोठलं. प्रत्येक वेळी टिकटिक वाढलेली.

मी म्हणालो, "गार हवा पाहिजे. कूलर लावा."

कूलर होता. कूलरमध्ये पाणी नव्हतं. नळाला सहावा दिवस उद्या.

चाचा बादली उचलून बाहेर पडले. मी जुनी डिस्क वायरीसकट बाहेर काढून उलट्या ताटावर ठेवली. शेजारच्या टेलरनं अर्धी बाटली दिली, चहावाल्यानं जग दिला. दोघांच्याही गल्लीतल्या विहिरी यादीत होत्या. तेवढ्यावर कूलरचं गवत भिजलं, जेमतेम. शंभर पार झालं. गवत सुकलं. एकशे अठ्ठावीसवर परत गोठलं.

तेवढ्यात चाचा आले. बादली काठोकाठ! कूलरमध्ये ओतली आणि परत गेले. कुठून आणली ते विचारायला कुणाला वेळ होता? काका वहीचा पुठ्ठा धरून उभे, डिस्कवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. मी आकडे वाचत होतो.

"एकशे नव्वद. काका, बसा जरा."

"तुम्ही आकडे वाचा."

चाचांनी चार खेपा केल्या. साठीच्या पुढची पाठ, मनगटावर बादलीच्या कडीचा लाल वळ. दोनशे बारा गेलं तेव्हा दोघांनीही स्क्रीनकडं बघितलं आणि दोघांनीही दुसरीकडं बघितलं. तीनशे गेलं. तीनशे चाळीस. टिकटिक इतकी वाढली की टेलर मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. शेवटचं फोल्डर गेलं. मी उघडून बघितलं. पान दिसलं, फोटो दिसला, नोंद दिसली.

"आलं! सगळं आलं!"

दहाएक मिनिटांनी जुन्या डिस्कनं एक लांब खरखर केली आणि गप्प झाली. टेलर म्हणाला, "गेली बिचारी." काकांनी पुठ्ठा खाली ठेवला, नवी डिस्क दुकानातल्या दुसऱ्या मशीनला जोडली, खुर्चीत बसले, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग विचारलं,

"पाणी कुठून आणलंत?"

चाचा पेचकस पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "दो सौ बारा."

काकांनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"पार्किंग में पीछे लोहे का ढक्कन है. वॉचमन रोज निकालता. आपकू दिखाता बोलके कब से सोच रहा था. आप पूछे नहीं."

मला वाटलं, आता परत आठ महिने! मी निरोप्याचं काम करायला तयार नव्हतो, तसं मनात ठरवूनही टाकलं.

काका उठले. कूलरपाशी गेले, मागची जाळी काढली.

"काका, काय करताय? त्यात गवताचा कचराय, डास असतील!"

त्यांनी टाकीत हात घातला, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. डोळे मिटले. ह्या गालातून त्या गालात फिरवलं. चाचांचा पेचकस थांबलेला.

काकांनी घोट गिळला.

"इंजिनियर साहेब, यादी उघडा. दोनशे बारा."

आठ वर्षांत त्या यादीत काकांशिवाय कुणी एक अक्षर टाइप केलं नव्हतं. मी बसलो.

"बुजली खोडा. लिहा, पाणी आहे. चव, गोड."

चाचा उठले आणि चहा सांगायला बाहेर गेले. ते गेल्यावर मी हळूच विचारलं, "काका, खरंच गोड आहे?"

"मला काय माहीत? नुसतं कूलरचं गवत लागलं तोंडाला," काका दाराकडं बघत म्हणाले. "तुम्ही गोड लिहा."